त्रास नसताना तपासणी कशाला?

प्रश्न : माझे वय 46 वर्षे असून मला कसलाही त्रास नाही. मुलीच्या आग्रहाखातर कर्करोगाच्या तपासणीची चौकशी केली, तेव्हा एक चाचणी दोन वर्षांनी आणि दुसरी दहा वर्षांनी करावी, असे सांगण्यात आले. ही अंतरे कशी ठरतात? त्यापेक्षा सगळ्या चाचण्या दरवर्षी एकदम केल्या, तर ते अधिक सुरक्षित नाही का?

उत्तर : स्क्रीनिंग ही मुळात त्रास नसलेल्यांसाठीच असलेली तपासणी आहे, त्यामुळे तुमच्या मुलीचा आग्रह रास्त आहे. दोन चाचण्यांमधले अंतर मुख्यतः तो आजार किती सावकाश वाढतो आणि ती चाचणी किती अचूक आहे, यावरून ठरते. मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा अस्तरावर उगवलेल्या पॉलिप नावाच्या लहानशा कोंबापासून सुरू होतो. सगळेच पॉलिप बिघडत नाहीत, पण जे बिघडतात त्यांना साधारण दहा वर्षे लागतात. कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदमार्गातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी, करतानाच तारेच्या बारीक फासात धरून पॉलिप काढून टाकता येतो, म्हणजे इथे आजार लवकर सापडतो एवढेच नव्हे, तर तो होण्याआधीच टळतो. म्हणून ही तपासणी निर्दोष आली, की पुढची दहा वर्षांनी पुरते. अमेरिकेतील मार्गदर्शक सूचनांनुसार ती 45 व्या वर्षापासून करावी.

गर्भाशयमुखाचेही तसेच आहे. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग बहुतेक स्त्रियांमध्ये आपोआप नाहीसा होतो आणि जो टिकून राहतो त्याचा कर्करोग व्हायला सहसा 15 ते 20 वर्षे लागतात. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना 30 व्या वर्षापासून दर 5 ते 10 वर्षांनी एचपीव्ही चाचणी सुचवते. स्तनाचा कर्करोग मात्र एवढी सवड देत नाही. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, 40 ते 74 या वयात दर दोन वर्षांनी करावी, असे अमेरिकेतील 2024 ची शिफारस सांगते. काही देशांत ती 50 व्या वर्षी सुरू होते.

सगळे एकदम तपासण्याचा विचार मात्र कृपया सोडून द्या. दक्षिण कोरियात 1999 नंतर इतर तपासण्यांबरोबर थायरॉइड या गळ्यातील ग्रंथीची सोनोग्राफीही सर्रास होऊ लागली. 2011 पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान 1993 च्या पंधरा पट झाले, पण त्याने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. ज्या गाठींनी आयुष्यभर त्रास दिला नसता, त्यांच्यासाठी अनेकांची ग्रंथी काढली गेली आणि जन्मभराच्या गोळ्या मागे लागल्या. अंडाशयाच्या कर्करोगासाठी तर सर्वसाधारण जोखमीच्या स्त्रियांनी कोणतीच नियमित चाचणी करू नये, असाच सल्ला दिला जातो.

मॅमोग्राफीनंतर पुन्हा बोलावले, तर घाबरू नका, कारण अशा बहुतेक स्त्रियांना कर्करोग नसतो. उलट स्तनात गाठ लागली, शौचावाटे रक्त गेले किंवा पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, मग मागचा अहवाल निर्दोष असला तरीही. ही वेळापत्रके लक्षणे नसलेल्यांसाठी आहेत.

डॉक्टरांकडे जाण्याआधी आई, वडील आणि भावंडे यांपैकी कोणाला कोणता कर्करोग कितव्या वर्षी झाला, ते लिहून न्या. आई किंवा वडिलांना आतड्याचा कर्करोग 48 व्या वर्षी झाला असेल, तर तुमची कोलोनोस्कोपी त्याच्या दहा वर्षे आधी, म्हणजे 38 व्या वर्षीच व्हायला हवी होती, आणि तसे असेल तर ती आता लांबवू नका.