जाशील तेव्हा बसने जा

फोंडा

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. डिचोलीकडच्या तुझ्या जुन्या गावी एकदा जाऊन यावंसं वाटतं, पण पाय निघत नाही, असं लिहिलंस. ‘सगळं बदललंय म्हणतात, मग बघायचं तरी काय?’ हा तुझा प्रश्न. जा, एवढं एका शब्दात सांगता आलं असतं. पण जायचं कसं, हे मला फार उशिरा कळलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक दुरुस्ती करायची आहे. दहावीला निबंध शिकवताना मी वर्गात एक गोष्ट सांगायचो, तुला आठवत असेल. माझे वडील प्राथमिक शिक्षक. १९६३च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकर गोव्याचे मुख्यमंत्री झाले आणि पुढे खेडोपाडी मराठी शाळा निघत गेल्या. त्या काळात वडिलांची नेमणूक सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे झाली. आम्ही राहायचो एका गावात, ते शिकवायचे पलीकडच्या गावात. ते सकाळी लवकर निघून जात. माझी शाळा देवळाच्या मंडपात भरायची आणि वाटेत व्हाळ होता. पावसाळ्यात तो फुगला की सात वर्षांचा मी दप्तर डोक्यावर धरून एकटा तो ओलांडायचो. ही गोष्ट मी तीस वर्षं सांगितली. ती खरी नव्हती.

मी खोटं बोलत नव्हतो. मला ते तसंच आठवत होतं. निवृत्तीनंतर मुलाच्या गाडीतून पहिल्यांदा त्या गावी गेलो. पन्नास वर्षं झाली होती. फोंड्याहून वाळपई ती काय, तासा-दीड तासाची वाट. गोवा एवढासा, कधीही जाता येईल म्हणतच पन्नास वर्षं जातात. देवळासमोर गाडी थांबवली. मंडप सिमेंटचा झालेला, खाली चकचकीत लाद्या. फोटो काढले, नमस्कार केला, पंधरा मिनिटांत परतलो. रात्री जेवण गेलं नाही. आपलं तिथे काही उरलं नाही, असं वाटत राहिलं.

काही महिन्यांनी, २०१८ साली, बसने गेलो. मुलाला सुट्टी नव्हती, एवढंच कारण. वाळपईचा आठवड्याचा बाजार होता. पुढची बस यायला वेळ होता म्हणून बाजारात फिरत राहिलो. एक म्हातारी गोणपाट अंथरून भिरंडाची सोलां आणि आळसांदे विकत बसली होती. मी सोलांचा भाव विचारला. तिने भाव सांगितला नाही. वर बघून म्हणाली, “कोणाचो रे तूं?” मी वडिलांचं नाव सांगितलं. तिने हातातलं माप खाली ठेवलं.

“मास्तराचो पूत! व्हाळाक उदक आयलें की तूं रडटालो. हांव तुका खांद्यार घेवन पलतडी दवरतालीं.”

माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी. तेव्हा चौथीत होती. एका खांद्यावर मी, दुसऱ्या हातात दोघांची दप्तरं, असं ती मला रोज नेत-आणत होती. माझ्या गोष्टीत ती कुठेच नव्हती. चौथीनंतर तिची शाळा सुटली. घरी धाकटी भावंडं होती. मी शिकलो, मास्तर झालो आणि माझ्या शौर्याचा निबंध पोरांना शिकवत राहिलो. मी तिच्याशेजारी गोणपाटावर बसलो. गिऱ्हाइकं येत होती, ती त्यांना मापून देत होती, मध्येमध्ये माझ्याशी बोलत होती. माझ्या आईने तिला पोलकं बेतायला शिकवलं होतं, हेही मला तिनेच सांगितलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून विचारलं, “आवय आसा?” आई जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

तुला माझं एवढंच सांगणं आहे, की आपल्या आठवणीचा अर्धा भाग आपल्याजवळ नसतो. तो तिकडच्या माणसांजवळ असतो, आणि इमारतीचे फोटो काढून तो हाती लागत नाही.

कधीकधी तर इमारत सोड, गावच नसतं. हायस्कूलची वर्षं माझी सांग्याला गेली. तिथे बाकावर माझ्या शेजारी कुर्डीचा एक मुलगा बसायचा. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं ते कुर्डी. साळावली धरणात ते बुडालं, लोक वाडे-वालकिणीला वसवले. तिथलं जुनं महादेवाचं देऊळ दगड-दगड सोडवून धरणाजवळ नेऊन पुन्हा उभारलं. माणसांची घरं कोण उचलून नेणार? पण मे महिन्यात पाणी खाली उतरतं आणि गाव वर येतं. सोमेश्वराच्या देवळाकडे गावकरी जमतात, ख्रिस्ती कुटुंबंही आपल्या फेस्ताला येतात. २०१९च्या मे महिन्यात तो शाळासोबती मला घेऊन गेला. चिखल वाळून भेगाळला होता. घरांचे जोते तेवढे उरलेले, सगळे सारखेच दिसत होते. तो मात्र सरळ चालत एका जोत्यावर चढला आणि एका जागी उकिडवा बसला. म्हणाला, “हांगा रांदची खोली.” मग बोटाने दाखवत गेला, इथे वायन, इथे पाण्याची भांडी, इथे आजी भात कांडायची. मी काही विचारलं नाही. तो अर्धा तास बोलत होता. सांग्याच्या वर्गात चार वर्षं शेजारी बसून त्याच्या घराबद्दल मी कधी एक शब्द विचारला नव्हता. गाव जाणार ही बोलणी तेव्हाच चालली असणार. आम्ही क्रिकेटबद्दल बोलायचो.

आता तुझ्याबद्दल. २०१२च्या सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा तू सातवीत होतीस. ट्रक विकून तुझे बाबा तुम्हाला घेऊन फोंड्याला आले. ‘त्या गावात मी कोण म्हणून जाऊ?’ असं तू लिहिलंस, ते मला कळतं. पण त्या वर्षी तुमच्याच घरावर ते संकट आलं नव्हतं. ट्रकवाले, बार्जवरचे खलाशी, गॅरेजवाले, चहाची गाडी लावणारे, सगळ्यांची चूल त्याच खनिजावर पेटत होती. आणि त्याच वाड्यावर असेही लोक होते ज्यांच्या शेतात पावसात खाणीचा गाळ उतरायचा, विहिरीचं पाणी तांबडं व्हायचं. त्यांना खाणी बंद झाल्यावर हायसं वाटलं. झाडं हिरवी दिसोत वा धुळीने तांबडी, पोचल्यापोचल्या ‘किती छान झालं’ किंवा ‘काय हाल झाले’ म्हणू नकोस. समोरचा कोणत्या घरचा, ते आधी समजून घे.

जत्रेला किंवा चवथीला जाऊ नकोस. त्या दिवसांत सगळे पाहुण्यांत नि गणपतीवरची माटोळी बांधण्यात गुंतलेले असतात, तुझ्याशी बोलायला सवड कुणाला? साध्या दिवशी, बसने जा. एक थांबा आधी उतरून चालत जा, म्हणजे लोक तुला बघतील आणि हटकतील. ‘कोणाचें गो तूं?’ विचारलं तर नोकरी सांगू नकोस, बाबांचं नाव सांग, घर कुठे होतं ते सांग. मोबाइल पर्समध्ये असू दे. चहा आला तर नको म्हणू नकोस, तो कितीही गोड असो.

आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. सातवीचा वर्गाचा फोटो तुझ्याकडे आहे म्हणालीस. त्याच्या दहा-बारा प्रती काढून घे. जो भेटेल त्याला एक दे, न भेटलेल्यांच्या घरी ठेवून ये. मागे उभी राहिलेली, जिचं नाव तुला आठवत नाही, ती मुलगी कुठे आहे, हे पहिल्याच घरात विचार. गाव सोडून गेलेल्यांची चौकशी सगळेच करतात. तू जे तिथेच राहिले त्यांची कर.

बाबांना विचार, येता का म्हणून. नाही म्हणाले तर आग्रह नको. पण परत आल्यावर त्यांच्याजवळ बस आणि कोण कोण भेटलं ते नावानिशी सांग.

मी येत्या बाजाराला वाळपईला जातो आहे. तिने आईचा फोटो मागितला होता. तेव्हा ‘आणतो’ म्हणालो आणि पुढे राहूनच गेलं. गेल्या आठवड्यात जुन्या ट्रंकेत एक सापडला. आई ओसरीवर शिवणयंत्रापाशी बसलेली आहे, आणि दाराशी परकर-पोलक्यातली एक मुलगी अर्धीच दिसते. चेहरा कडेला कापला गेला आहे. मोठा करून घेतला आहे. ती मुलगी तीच का, हे तिला विचारायचं आहे.

तुझा,
सर