टोकियोचं विमान आणि मनगटावरचं घड्याळ

प्रश्न : बाई, माझी लेक टोकियोत असते. तिच्या बाळंतपणाला आम्ही दोघं मार्चमध्ये मुंबईहून थेट विमानानं जाणार, मेअखेर परतणार. तिकिटावर जाताना रात्री ८ ते सकाळी ७.३० आहे, येताना सकाळी ११ ते संध्याकाळी ५.३०. म्हणजे जाताना साडेअकरा तास आणि येताना साडेसहाच? ह्यांचे गुडघे धरतात, म्हणून खरे तास सांगा. – एक वाचक, सातारा

उत्तर : आजी होणार, अभिनंदन! हिशेब मात्र नेमका उलटा आहे. तिकिटावर निघायची वेळ निघतो त्या गावची असते, पोचायची पोचतो त्या गावची. जपानचं घड्याळ बारा महिने आपल्यापुढे साडेतीन तास. ते जाताना वजा करा, येताना मिळवा. जाताना आठ तास बसायचं, येताना दहा. गुडघ्यांची काळजी परतीला जास्त घ्या.

आता हे दोन तास कुठे जातात, ते सांगते; वर्गात हा धडा मी फार आवडीनं शिकवायचे. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक झोत वाहतो, त्याला जेट प्रवाह म्हणतात. जपानवर तो हिवाळ्यात इतका जोरकस असतो की कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं ततेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून तो मोजला आणि १९२६ साली अहवाल छापला, तोही एस्पेरांतो या सगळ्या जगासाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत! जगानं वाचावा म्हणून त्यानं ती भाषा निवडली, पण जगाचं लक्ष गेलंच नाही. मला याचं अजून वाईट वाटतं.

मी स्वतः जानेवारीत गेले होते. समोरच्या पडद्यावर विमानाचा जमिनीवरचा वेग दिसतो. जाताना जपान जवळ आल्यावर तो १,१०० दाखवत होता, परतताना त्याच भागात ७००. विमान तेवढाच जोर लावत होतं, वारा तेवढा पाठीवरून छातीवर आला होता.

अंतर म्हणाल तर सरळ सुमारे ६,८०० किलोमीटर. घरी पृथ्वीगोल असेल तर मुंबई ते टोकियो दोरा ताणून बघा. तो बिहार, भूतान आणि तिबेटच्या पूर्वकडेवरून जातो. विमानं मात्र तिबेटचं उंच पठार सहसा टाळतात. आतल्या हवेचा दाब गेला तर तीनेक किलोमीटर उंचीपर्यंत पटकन खाली यावं लागतं, आणि तिथली जमीनच साडेचार किलोमीटर उंच. म्हणून बहुधा म्यानमार, मग दक्षिण चीन असा वळसा पडतो.

मेअखेर जेट प्रवाह हिवाळ्यापेक्षा मंदावलेला असतो, त्यामुळे परतीचे दहा तास थोडे कमीही होतील. तरी येतानाच्या तिकिटात ह्यांच्यासाठी मधल्या वाटेकडची जागा आत्ताच मागून ठेवा, दर तासा-दीड तासानं उठवून शेवटपर्यंत चालवून आणा.

आणि एक. माझं एचएमटीचं घड्याळ मी प्रवासभर भारतीय वेळेवरच ठेवलं होतं. तुम्हीही तसंच करा; किती तास झाले आणि ह्यांच्या गोळ्यांची वेळ कधी, हे त्यावर बरोबर कळेल. टोकियोची वेळ लेकीच्या घरी गेल्यावर लावा.