‘राजीनामा’ हा शब्द लिहू नका

ताई, तुम्ही १ नोव्हेंबर २००५ च्या आधी राज्य सरकारी सेवेत लागलात, म्हणजे जुनी पेन्शन तुम्हाला लागू. घरच्या अडचणीमुळे बाहेर पडताय, ते समजतं. पण घाईत राजीनामा देऊ नका. राजीनाम्याने मागची सगळी सेवा पेन्शनसाठी बाद होते. तुम्हाला हवी आहे ती स्वेच्छानिवृत्ती: २० वर्षं अर्हताकारी सेवा (म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा) आणि ३ महिन्यांची नोटीस.

नवीन लोक चुकतात ते इथेच. हजेरीची वर्षं मोजतात, अर्हताकारी सेवा नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याची २० वर्षं झाली होती, पण जुन्या असाधारण (बिनपगारी) रजेचे पाच महिने वजा झाले. अर्ज परत आला, फार वाईट वाटलं.

म्हणून आधी एवढंच करा:
- सेवापुस्तक स्वतः पानन्‌पान बघा. सेवा पडताळणीची नोंद आणि सही प्रत्येक वर्षाला हवी.
- आस्थापना शाखेकडून अर्हताकारी सेवेचा हिशोब लेखी घ्या.
- नोटिशीची पोच जपून ठेवा.

अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेणं) वगैरे नंतर बघू. सेवापुस्तक बघितलंत की कळवा, अर्जाचा मसुदा आपण मिळून करू.