वाचकांचे प्रश्न : भुयारातली प्रत्येक वाट महाग हवी

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळांविषयी, म्हणजे प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेऊन बोलत-बोलत गोष्ट घडवतो त्या खेळांविषयी, आम्ही प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे, तो म्हणजे डंजन : भुयारे, तळघरे आणि पडक्या किल्ल्यांत शिरून एकेक खोली धुंडाळत जाण्याची मोहीम. त्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर आम्ही याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी दोन वर्षे आमच्या गटाचा गेम मास्टर, म्हणजे मोहीम रचून ती चालवणारा, आहे. माझी सगळी भुयारे आता सारखीच वाटू लागली आहेत. दार उघडायचे, राक्षसाशी लढायचे, पेटी उचलायची आणि पुढचे दार गाठायचे. मी नवे राक्षस आणले, बर्फाचे भुयार केले, उडते बेटही केले, तरी खेळाडू कंटाळतात. काय चुकते आहे?

उत्तर : आपण राक्षस बदलले आणि भिंतीही बदलल्या, पण खेळाडूंपुढचा प्रश्न बदलला नाही. दार उघडायचे की नाही, याचा विचार त्यांना करावाच लागत नाही, कारण ते उघडण्यात काहीच खर्च होत नाही. माझ्या मते भुयाराचा जीव या खर्चात असतो, आणि नवे भुयार रचायचे असेल तर सर्वांत आधी तो खर्चच बदलावा.

हा प्रकार जिथून आला तिथे थोडे मागे जाऊन पाहू. डेव्ह आर्नेसन यांनी ब्लॅकमूर या काल्पनिक किल्ल्याखालच्या भुयारांत आपल्या मित्रांना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फिरवले, आणि गॅरी गायगॅक्स यांच्यासोबत त्यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तीन छोट्या पुस्तिकांच्या पेटीत प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार पेट्यांची होती. त्याच खेळाचे जे सुटसुटीत नियम १९८१ मध्ये आले, त्यांत भुयारातला वेळ दहा-दहा मिनिटांच्या पाळ्यांमध्ये मोजला जातो. एक मशाल सहा पाळ्या जळते. दर दोन पाळ्यांनी गेम मास्टर सहा बाजूंचा फासा टाकतो आणि १ पडला तर भटकणारा एखादा प्राणी किंवा टोळी समोर येते. याचा हिशेब केला तर एक मशाल जळून संपेपर्यंत अशी किमान एक गाठ पडण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के निघते. म्हणजे नुसते ‘त्या कोपऱ्यात आणखी शोधतो’ असे म्हणण्यालाही किंमत होती.

आता परतीचा रस्ता पाहा. त्या नियमांत अंगावर फारसे ओझे नसलेले पात्र एका पाळीत १२० फूट चालते, आणि नाण्यांच्या थैल्यांनी पुरते लादलेले पात्र फक्त ३० फूट. आत जायला एक तास लागला असेल तर तेच अंतर खजिन्यासह बाहेर यायला चार तास लागतात, चार मशाली जळतात, फासा बारा वेळा पडतो, आणि कोणाची तरी गाठ पडण्याची शक्यता ८९ टक्क्यांच्या घरात जाते. शिवाय अनुभवाचे गुण, म्हणजे ज्यांच्या जोरावर पात्र वरचढ होत जाते ते, मुख्यतः बाहेर आणलेल्या सोन्यावर मिळत, मारलेल्या राक्षसांवर फार थोडे. त्यामुळे ‘आणखी एक पेटी उचलायची का?’ हा प्रश्न टेबलावर खरोखरीचे भांडण लावत असे. पुढे अनेक गटांनी वजन, वेळ आणि उजेड यांचे हिशेब कंटाळवाणे म्हणून सोडून दिले. ते कंटाळवाणे होते हे मला मान्य आहे, पण त्यांच्याबरोबर तो प्रश्नही गेला आणि हाती उरली ती खोल्यांची रांग.

पुढचे भुयार रचताना कागदावर नकाशाच्याही आधी एकच ओळ लिहा : ‘इथे पुढे जाण्यासाठी काय खर्च होते?’ बुडालेल्या मंदिरात तो खर्च श्वासाचा असेल. झोपलेल्या राक्षसाच्या गुहेत तो आवाजाचा असेल. धातूचे चिलखत घालणाऱ्याला प्रत्येक पावलाला दोन खुणा आणि अनवाणी चालणाऱ्याला एक, आणि वीस खुणा झाल्या की राक्षस डोळे उघडणार. आठवणी खाणाऱ्या ग्रंथालयात प्रत्येक दालनाच्या दारात पात्राच्या आयुष्यातली एक गोष्ट खेळाडूने मोठ्याने सांगायची आणि मग पात्राच्या कागदावरून ती खोडायची. हा शेवटचा प्रयोग मी केला आहे. पाचव्या दारापाशी एका खेळाडूने आपल्या पात्राच्या बहिणीचे नाव खोडण्याआधी पेन्सिल बराच वेळ हातात धरली होती, आणि त्या संपूर्ण संध्याकाळी आम्ही एकही लढाई खेळलो नव्हतो.

प्रश्न : मशाली आणि तेल मोजायला लावले की माझे खेळाडू नाराज होतात. न मोजता अंधाराची भीती आणता येईल का?

उत्तर : येईल, पण मोजणे खेळाडूंच्या डोक्यावरून उतरवून टेबलावर ठेवावे लागेल. २०२३ मध्ये आलेल्या केल्सी डियॉन यांच्या ‘शॅडोडार्क’ या खेळाने यावर फार सरळ उपाय काढला : तिथे मशाल खऱ्या घड्याळाचा एक तास जळते. कोणी काही लिहून ठेवत नाही, आणि खेळाडू तासभर वाद घालत बसले तर मशाल तो वादही जाळून टाकते. आपल्याला एवढा मोठा नियम नको असेल तर वाळूचे घड्याळ किंवा सहा सोंगट्या पुरतात. प्रत्येक महत्त्वाच्या कृतीनंतर गेम मास्टरने एक सोंगटी सर्वांसमोर उचलून बाजूला ठेवावी आणि त्यावर काही बोलू नये.

वाळूच्या घड्याळाबरोबर खेळतानाचा एक प्रसंग सांगावासा वाटतो. शेवटची मशाल, बोटभर उरलेली वाळू, आणि पुढे दोन फाटे. चारही जण घाईघाईने बोलत होते. आमच्यातली सर्वांत नवी खेळाडू म्हणाली, “थांबा, मशाल विझवा. आधी ऐकू या.” तिने घड्याळ आडवे ठेवले. मी सांगितले की डावीकडून पाणी ठिबकते आहे आणि उजवीकडे कोणीतरी अगदी सावकाश श्वास घेते आहे. उजेड वाचवण्यासाठी अंधारात उभे राहण्याचा निर्णय मी कोणत्याही नकाशावर लिहू शकलो नसतो.

प्रश्न : आमच्या गटात दोघींना मारामारी आवडत नाही. लढाईशिवायचे भुयार म्हणजे नुसती कोडी आणि सापळेच का?

उत्तर : मुळीच नाही. भुयारात राहणारे सगळे जण पाहताक्षणी अंगावर येतात, ही समजूत जुन्या नियमांतही नव्हती. मघाच्या त्याच १९८१ च्या नियमांत कोणी भेटले की गेम मास्टर दोन फासे टाकून त्याचा कल ठरवतो. दोन फाशांच्या ३६ जुळण्यांपैकी थेट हल्ला फक्त एकीत होतो, बेरीज २ आली तर. बेरीज ३ ते ५ आली तर समोरचा चिडलेला असतो आणि हल्ला करण्याची शक्यता असते, ९ ते ११ आली तर तो हल्ला न करता निघून जातो किंवा आपले म्हणणे ऐकून घेतो, आणि १२ आली तर मैत्री करतो. सर्वांत मोठा भाग मधल्या ६ ते ८ चा, म्हणजे ३६ पैकी १६ जुळण्यांचा, आणि त्याचा अर्थ आहे गोंधळ : समोरचाही आपल्याकडे पाहत उभा आहे आणि काय करावे हे त्यालाही कळत नाही. या मधल्या अवस्थेत अख्खी मोहीम मावते.

मात्र त्यासाठी समोरच्याला काहीतरी हवे असले पाहिजे. प्रत्येक टोळीपुढे एक गरज आणि एक भीती लिहून ठेवा. खालच्या मजल्यावरच्यांना विहिरीपर्यंत वाट हवी आहे, पण विहीर वरच्यांच्या ताब्यात आहे आणि वरच्यांना खालून येणाऱ्या आवाजांची भीती वाटते. आपल्या मैत्रिणी मधोमध उभ्या राहिल्या की दोघांचे निरोप नेण्यातच दोन बैठका जातील, आणि एका निरोपात थोडे खोटे मिसळण्याचा मोह झाला तर तिसरीही.

प्रश्न : नकाशा किती मोठा असावा?

उत्तर : एका बैठकीला आठ ते दहा खोल्या पुष्कळ होतात. आकारापेक्षा जोडणीकडे लक्ष द्यावे. जेनेल जॅक्वेज यांनी १९७९ मध्ये रचलेल्या ‘कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ या तयार छापील मोहिमेमध्ये आत शिरायच्या वाटा अनेक आहेत, मजल्यांना जोडणारे जिने आणि कपारी अनेक आहेत, आणि वाटा वळून पुन्हा एकमेकींना मिळतात. खेळाडूंना मागून जाता येते, वळसा घालता येतो, पळता येते. आपला नकाशा झाडाच्या फांद्यांसारखा दिसत असेल तर त्यात दोन ठिकाणी फांद्या एकमेकींना जोडा आणि एक वाट दोन मजले सोडून थेट खाली न्या. एवढ्यानेच तो बदलेल.

प्रश्न : आमचे खेळाडू नेहमी बाहेरून आत जातात. त्यांना सुरुवातीलाच तळाशी ठेवले तर? ही कल्पना सुचली आहे, पण ती कशी रचावी ते कळत नाही.

उत्तर : या अंकातला हा प्रश्न मला सर्वांत आवडला, म्हणून माझ्या वहीतली एक रचना सविस्तर देतो.

मिठाची एक जुनी खाण घ्या. चार मजले, प्रत्येक मजल्यावर तीन-चार दालने, आणि छत तोलून धरण्यासाठी खाणकामगारांनी न खोदता सोडलेले मिठाचे जाड खांब. खेळाची सुरुवात सर्वांत खालच्या दालनात, ज्या रत्नासाठी पात्रे आली ते रत्न उचलल्याच्या क्षणी होते. येताना काय घडले ते प्रत्येक खेळाडूने एका वाक्यात सांगावे : कोणी दोर कुठे बांधून ठेवला, कोणी कोणाला फसवले, कोणत्या दाराला पाचर मारली. ही वाक्ये नकाशावर लगेच लिहा, कारण परतताना ती सगळी आडवी येणार आहेत. रत्न उचलले आणि खालून पाणी यायला लागले.

दर दोन पाळ्यांनी पाणी एक दालन भरते, आणि मीठ पाण्यात विरघळते. इथे गेम मास्टरने नकाशा पेन्सिलीने काढून टेबलाच्या मध्यावर ठेवलेला असावा. पाणी ज्या भिंतीला लागले ती भिंत त्याने पुढच्या पाळीत सर्वांच्या डोळ्यांदेखत खोडरबराने पुसावी. खांब पुसला गेला की वरचे दालन खाली बसते आणि तिथली वाट मिटते. आडवी भिंत पुसली गेली की जिथे वाट नव्हती तिथे वाट उघडते. मिटणारी आणि उघडणारी वाट एकाच पाण्यामुळे होत असल्यामुळे खेळाडू हळूहळू पाण्याचा उपयोग करायला शिकतात. माझ्या टेबलावर त्यांनी चामड्याच्या पखालीत पाणी भरून नेले आणि बंद दालनाच्या भिंतीला स्वतः भोक पाडले. मला ते सुचले नव्हते.

खाणीत मीठ कापणारी आंधळी माणसे राहतात असे समजा. येताना पात्रांनी त्यांना चुकवले होते. आता तीही पोरेबाळे घेऊन त्याच जिन्याने वर निघाली आहेत. त्यांना वाटा पाठ आहेत, पण त्या कालच्या. पात्रांना आजच्या वाटा दिसतात, पण त्या कुठे जातात ते ठाऊक नाही. दोन फासे टाका आणि बहुधा येणाऱ्या त्या गोंधळाला जागा द्या. रत्न परत ठेवले तर पाणी थांबेल का, असा प्रश्न कोणीतरी विचारेलच. त्याचे उत्तर आधी ठरवून ठेवा आणि ते ‘हो’ असू द्या. मात्र ते ठेवायची जागा त्या वेळेपर्यंत पाण्याखाली गेलेली असेल.

प्रश्न : माझा मुलगा म्हणतो, आपण राक्षस होऊन आपले भुयार सांभाळू. असे खेळता येते का?

उत्तर : येते, आणि मुलांबरोबर तर फार रंगते. नकाशा त्यालाच काढू द्या. दहा सोंगट्या द्या आणि प्रत्येक सापळा, प्रत्येक कुलूप, प्रत्येक पहारेकरी यांना एकेक सोंगटी लागेल असे ठरवा. एक सोंगटी पिल्लांच्या खोलीसाठी राखून ठेवायला सांगा. मग आपण खजिना शोधणाऱ्यांची टोळी होऊन आत या. आपल्या हातातल्या मशालीच्या पाळ्या मोजायला मात्र त्यालाच बसवा.