अमेरिकेतला ज्युरी खटला पत्त्यांच्या खेळातून मुलांना शिकवता येईल का?

येतो, आणि फळ्यावर लिहून शिकवण्यापेक्षा चांगला येतो. मी न्यू जर्सीत राहतो आणि आमच्या गावच्या वाचनालयात शनिवारी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना हे शिकवतो. पत्त्यांचे दोन जोड आणि पानांवर चिकटवायला चिठ्ठ्या, एवढंच सामान लागतं.

एक चूक मात्र करू नका. सुरुवातीला मी पुराव्याला पत्त्याची किंमत दिली होती: कॅमेऱ्यातलं चित्रण एक्का, शेजारणीची साक्ष सत्ती. मुलं लगेच बेरीज करायला बसली. सरकारी वकिलाचे ३१, बचावाचे २८, म्हणजे आरोपी दोषी! फौजदारी खटल्यात बचावाला काहीच सिद्ध करायचं नसतं, हा सगळ्याचा गाभाच त्यात बुडाला.

आता मी टेबलावर खडूने चार चौकोन आखतो. आरोप सायकल चोरल्याचा. सायकल दुसऱ्याची होती, मालकाची परवानगी नव्हती, ती कायमची ठेवून घ्यायचा इरादा होता, आणि नेणारा हाच आरोपी. चारही चौकोनांत पानं टाकण्याची जबाबदारी सरकारी वकिलाची. बचावाच्या हातातही पानं असतात, पण त्यातलं एकही न उतरता तो जिंकू शकतो. ज्या मुलांनी घरी मेंढीकोट खेळलेलं असतं त्यांना हे पचायला वेळ लागतो, कारण तिथे पान टाकल्याशिवाय हात होत नाही. सरकारी बाजू संपली आणि एखादा चौकोन रिकामाच राहिला, तर बचाव न्यायाधीशाकडे निर्दोष सुटकेची मागणी करतो. संघीय न्यायालयांत त्यासाठी नियम २९ आहे. मागणी मान्य झाली की निर्णय ज्युरीकडे जातच नाही.

ज्युरीची निवड दुसऱ्या जोडातून करतो. वीसेक पानं मांडायची, प्रत्येकावर चिठ्ठी: 'भाऊ पोलिसात', 'स्वतःची सायकल चोरीला गेली होती'. पक्षपाताचं कारण दाखवून कितीही ज्युरर नाकारता येतात. कारण न देता नाकारण्याच्या संधी मात्र मोजक्या. संघीय गंभीर गुन्ह्यांत सरकारला ६ आणि बचावाला १० असतात, मी ३ आणि ५ देतो. एकदा सरकारी वकील झालेल्या मुलाने तिन्ही संधी राण्यांवर खर्च केल्या. मी डाव थांबवला. वंशावरून ज्युरर काढायला सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या बॅट्सन निकालाने बंदी घातली आणि १९९४ मध्ये स्त्री-पुरुष भेदावरूनही. तिन्ही राण्या परत ठेवायला लावल्या. मुलं कमी असली तर सहा ज्युरर घ्या. फ्लोरिडात बहुतेक फौजदारी खटल्यांत सहाच असतात.

निकाल एकमतानेच. लुईझियाना आणि ओरेगनमध्ये पूर्वी १०-२ चालायचं, ते सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बंद केलं. इथे मी नानावटी खटल्याची गोष्ट सांगतो. मुंबईत १९५९ मध्ये ज्युरीने ८-१ असं निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली. अमेरिकेत ज्युरीने एकदा सोडलं की सुटला.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो हरकतीला. प्रश्नाचं पान पालथं ठेवायचं आणि ते उलटण्याआधी हरकत घ्यायची. उशीर झाला की पान सगळ्यांना दिसतं. मागच्या डावात तसंच झालं. 'शेजारीण म्हणते, मैत्रिणीने कुठूनतरी ऐकलं की तो सायकल विकणार होता.' ऐकीव पुरावा. हरकत उशिरा आली, मी मंजूर केली आणि पान बाजूला काढलं. इराद्याच्या चौकोनात एकच पान उरलं: सायकल तीन दिवस त्याच्या अंगणात उघड्यावर उभी होती.

ज्युरीच्या चर्चेत एक मुलगी अडून बसली, "पण आपण ते वाचलंय ना!" तिच्या शेजारचा मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने चौकोनावर बोट ठेवलं. "वाचलंय. पण इथे नाहीये." दहा मिनिटांनी तिनेही हात वर केला: निर्दोष.