गोल्फ स्विंगच्या वेळी अंग सैल कसं ठेवायचं? रेंजवर जमतं, कोर्सवर गेलं की हात आवळतात

तुम्ही लिहिलंय की रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) मस्त लागतं, पण कोर्सवर पहिल्या टीवर, म्हणजे पहिला बॉल मारायच्या जागी, चार माणसं बघत असली की हात लाकूड होतात आणि कोच नुसतं 'रिलॅक्स, रिलॅक्स' करतो. हे वाचलं आणि राहवलं नाही. पुण्यात अकरा वर्षं कॅडी, म्हणजे खेळाडूंची बॅग वाहणारा, होतो, आता शिकवतो, आणि 'रिलॅक्स' ऐकून सैल झालेला एकही माणूस मी आजवर बघितला नाही. उलट जास्तच आवळतो.

माझ्याकडे एक साहेब होते, दर शनिवार-रविवार त्यांचीच बॅग. दंड भरदार, ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) असा हाणायचे की बॉल फुटला वाटावं, आणि बॉल दरवेळी उजवीकडच्या झाडीत. त्यांचा ग्लोव्ह महिन्याभरात फाटायचा, तोही एकाच जागी, करंगळीच्या सरळ रेषेत खाली, मनगटाजवळच्या गादीवर. तिथे भोक दिसलं की समजायचं, क्लब बोटांत नाही, तळव्यात धरलाय, तो हलतोय म्हणून माणूस आणखी आवळतोय. एकदा हिंमत करून बोललो, साहेब हात जरा सैल सोडा. तर चार जणांसमोर म्हणाले, तू बॅग सांभाळ. घरी दादाला सांगितलं, तोही कॅडीच, वर तालमीत जाणारा, तर तो म्हणाला साहेबांचं बरोबर आहे, लांब मारायचं तर ताकदच लागते, तुला काय कळतं. तो वाद अजून मिटलेला नाही.

पण मला कळत होतं, कारण गावाला आजोबांबरोबर मचाणावर उभं राहून ज्वारी राखलीय मी. गोफण फिरवताना मनगट आवळलं की दगड पायापाशीच पडतो, मोकळं ठेवलं तर पार बांधापलीकडे जातो. क्लबचं तेच. हात ताठ झाला की मनगट अडकतं, क्लबहेड, म्हणजे क्लबचं खालचं डोकं, मागे राहतं, त्याचा फेस (बॉलला लागणारी बाजू) उघडा राहतो आणि झाला स्लाइस, बॉल वळून उजवीकडे. बॉल आणि क्लब एकमेकांना टेकतात ते सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरते, तिथे पोचल्यावर जोर लावायला वेळच कुठे असतो? जो वेग यायचा तो आधीच आलेला असावा लागतो.

आता तुमच्या टीबद्दल. कोर्स सोमवारी बंद असायचा, तेव्हा आम्हाला खेळायला मिळायचं, आणि एके वर्षी कॅडींची मॅच ठेवली होती, मेंबर लोक खुर्च्या टाकून बसलेले. माझंही तुमच्यासारखंच झालं, टॉप लागला, म्हणजे क्लब बॉलच्या डोक्यावर बसला, बॉल तीस-चाळीस पावलांवर. दुसऱ्या शॉटला आमच्यातला सगळ्यात जुना कॅडी शेजारून जाता जाता एवढंच म्हणाला, "दात सोड." तेव्हा कळलं की मी दातावर दात दाबून धरले होते. जबडा सोडला आणि खांदे आपोआप खाली आले, मानेची शीर सुटली, फाइव्ह आयर्न असं लागलं की हाताला काही जाणवलंच नाही. दादा म्हणाला नशीब. नशीब नव्हतं ते.

म्हणून तुम्ही मनाला समजवत बसू नका, जबडा बघा, मग बोटं. बॉलमागे उभं राहून श्वास सोडा, क्लब दोनदा हलवून घ्या आणि लगेच चालू करा, कारण बॉलवर पुतळ्यासारखं उभं राहिलं की हात पुन्हा आवळतात. वर जाताना घाई नको. चांगल्या खेळाडूंना वर जायला खाली येण्याच्या साधारण तिप्पट वेळ लागतो, आणि आपण नेमके वरून खाली वळताना झडप घालतो. दोन्ही पाय जुळवून अर्ध्या स्विंगचे वीस-पंचवीस बॉल रोज मारा, जोर लावला की तोल जातो, कुणी सांगावं लागत नाही.

ताकदवाल्यांना मी आपल्या भारताच्या गोल्फर अदिती अशोकचं नाव सांगतो. ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिंपिक, तिचा ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा लांब फटका, पुढच्या खेळाडूंपेक्षा कितीतरी आखूड, तरी चौथी आली, मेडल एका शॉटने हुकलं. दादा म्हणतो तिचं पटिंग, म्हणजे भोकाजवळ बॉल हळूच घरंगळवणं, चांगलं. आहेच, पण पटिंगला तरी सैल हात लागत नाहीत का?

एक राहिलं, सैल म्हणजे लुळं नाही. डाव्या हाताची शेवटची तीन बोटं क्लब सोडत नाहीत (डावखुरे असाल तर उजव्या), आणि पावसाळ्यात ओल्या रफमध्ये, म्हणजे कडेच्या उंच गवतात, थोडं घट्ट धरावंच लागतं, नाहीतर गवत क्लब फिरवतं. आणि क्लबच्या ग्रिप, म्हणजे मुठीवरची आवरणं, बघा, गुळगुळीत झाल्या असतील तर साबणाच्या पाण्याने धुवा, तरी सरकत असतील तर बदला, नाहीतर हात आवळणारच, कितीही श्वास सोडा.

आणि दादा, तू इथे वाचतोस मला माहितीये. सोमवारी ये. सेव्हन आयर्न, दहा-दहा बॉल, तू पूर्ण जोर लाव, मी निम्मा लावतो.