पित्ताशयाचा की पित्ताशयातला?

कोथरूडहून एका वाचकाने विचारलं आहे : आत्याचं पित्ताशय खड्यांमुळे काढलं. त्याच्या तपासणीत 'प्रायमरी लिम्फोमा' निघाला. मराठीत सांगताना 'पित्ताशयाचा कॅन्सर' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नको. सगळी गोम त्या 'चा'मध्ये आहे. पित्ताशयाचा कॅन्सर म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या आतल्या अस्तरातून उठलेली गाठ. लिम्फोमा हा लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. पित्ताशयाच्या भिंतीत या पेशी एरवी फारशा नसतातच. सूज वर्षानुवर्षं राहिली की तिथे गोळा होतात, आणि अगदी क्वचित त्यांच्यातूनच लिम्फोमा निपजतो. वाडा पित्ताशयाचा, बिघडला तो भाडेकरू. (पेठांमधल्या माणसाला हा फरक फोड करून सांगावा लागू नये.) उपचाराची दिशाही त्यामुळे वेगळी, म्हणून 'पित्ताशयातला लिम्फोमा' म्हणा.

तरी 'प्रायमरी' उरतोच. कोशातला 'प्राथमिक' इथे घात करतो. प्राथमिक शाळा, प्राथमिक उपचार यांची सवय झालेला कान त्याचा अर्थ 'पहिल्या पायरीवरचा, अजून हलका' असा लावतो. आत्या म्हणतील, "प्राथमिकच आहे ना, मग झालं!" इथे प्रायमरी म्हणजे फक्त उगम तिथला, दुसरीकडून पसरत आलेला नव्हे. आजार किती पुढे गेलाय, याबद्दल तो शब्द काहीच बोलत नाही.

लिम्फोमाला 'लसीकार्बुद' हा प्रतिशब्दही आहे : लसीका (म्हणजे लिम्फ) अधिक अर्बुद (म्हणजे गाठ). संधी चोख, पण घरात कोण बोलणार? आणि 'लसीका', 'लसग्रंथी' ऐकून कुणीतरी हमखास विचारणार, "लस टोचल्यामुळे झालं का?" तसा काही संबंध नाही, पण शब्दांचं नातं खरं आहे. जखमेतून गळतो तो चिकट द्रव म्हणजे लस. एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टरने 1796 मध्ये गाईच्या देवीच्या फोडातला असाच द्रव टोचला. पुढे द्रवाचं नाव टोचणीला चिकटलं. इंग्रजीतही एकोणिसाव्या शतकात त्या द्रवाला लिम्फच म्हणत. लॅटिनमध्ये लिम्फा म्हणजे स्वच्छ पाणी.

आत्यांना मी तरी 'पित्ताशयात सुरू झालेला लिम्फोमा' असं सांगेन. चार शब्द लागतात, लागू देत.